मेहकरची शीळ, सिलोनची खरखर

बुलढाणा जिल्ह्यात कुणी नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला: घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे हे दोन भाग केले आहेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद. काळी जमीन, कापूस आणि रेल्वे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. हवा बरी, पण रेल्वे तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी ब्रिटिशांच्या काळापासून चालत आली आहे, ती अजून मागणीच आहे. खामगावला मात्र जलंबहून तेरा किलोमीटरचा फाटा 1870 मध्येच मिळाला. खुद्द लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला, कारण मँचेस्टरला वऱ्हाडचा कापूस हवा होता.

कापसाच्या गाठी ज्या रस्त्यानं मुंबईला गेल्या, त्याच रस्त्यानं परत येताना कंदील, शिवणयंत्र, सायकल आणि शेवटी फोनो आला. म्हणजे नवी वस्तू आधी घाटाखाली यायची आणि मग सर्व्हिस मोटारीच्या टपावर बसून घाट चढायची. आवाजाचंही तसंच. गाणं मुंबई-पुण्यात तयार व्हायचं, आपण ते ऐकायचं. आमच्या चार पिढ्यांनी हेच गृहीत धरलं. पण मराठी भावगीताच्या तबकडीचा इतिहास काढला तर सुरुवात नेमकी उलटी निघते. गाणं आधी घाटावरून खाली उतरलं, मुंबईला गेलं आणि तिथून तबकडी होऊन परत आलं.

नारायण घनश्याम देशपांडे, म्हणजे ना. घ. देशपांडे, यांचा जन्म 21 ऑगस्ट 1909 चा, सिंदखेड राजाकडच्या सेंदुरजन गावचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत तुकडोजी महाराज जन्मले. एकाच वर्षी वऱ्हाडानं एक खंजिरी आणि एक शीळ जन्माला घातली म्हणायची. देशपांडे बी.ए., एलएल.बी. झाले आणि पैनगंगेच्या काठच्या मेहकरला वकिली करत राहिले. मेहकर तालुक्याचं गाव. शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती, गावाबाहेर पडका कंचनीचा महाल, कोर्ट, बाजार. पुढे त्या महालावर त्यांनी दीर्घ काव्यही लिहिलं. वकील असूनही त्यांच्या तरुणपणच्या कवितेत कायद्याचा वास नाही. तिथे रान आहे, नदी आहे, पायवाट आहे आणि खेड्यातल्या पोरीचं मन आहे.

त्यांची ‘शीळ’ ही कविता गोविंदराव जोशी यांनी चाल लावून गायली. जी. एन. जोशी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. तेही वकिलीच शिकलेले. त्यांच्या तबकड्यांवर नावापुढे बी.ए., एलएल.बी. ही अक्षरं छापलेली असत. गाणाऱ्याच्या नावापुढे पदवी लावण्याची तेव्हा गरज होती. गाणं-बजावणं हा भल्या घरातल्यांचा उद्योग नव्हे, अशी समजूत घट्ट होती. पदवी पाहिली की गिऱ्हाईक बिनघोर तबकडी घरी नेई. हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीनं ‘शीळ’ची तबकडी 1932 साली काढली आणि ती तुफान खपली. मराठीतलं पहिलं भावगीत म्हणून सहसा तिचंच नाव घेतात. पहिलेपणाचा मान कुणाचा, यावर जाणकारांनी वाद घालायचा तर घालावा. पण या तबकडीनंतर भावगीत नावाचा बाजार उभा राहिला, एवढं नक्की.

त्या वर्षाकडे जरा थांबून पाहायला हवं. फेब्रुवारी 1932 मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी बोलपट सुरू झाला. संगीत नाटकाच्या कंपन्या आधीच कर्जात होत्या. त्यांचा प्रेक्षक आता पडद्याकडे वळला. नाट्यगीत कितीही गोड असलं तरी त्याला मागे नाटक लागतं, पात्र लागतं, ताना-आलापांना मोकळी जागा लागते. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. एवढ्यात राग मांडता येत नाही, कथा सांगता येत नाही. एक भावना मात्र पुरी करता येते. देशपांड्यांची कविता त्या मापाला आयती बसली. रानातून येणारी शीळ ऐकून एका मुलीची होणारी घालमेल, बस. यंत्राला हवी तेवढी लांबी आणि मध्यमवर्गीय घराला हवी तेवढी सभ्य शृंगारिकता. भावगीताच्या जन्माचं श्रेय आपण कवीला, गायकाला देतो, ते योग्यच आहे. थोडं श्रेय लाखेच्या त्या काळ्या, ठिसूळ चकतीलाही द्यावं लागेल.

जोशी पुढे 1938 मध्ये त्याच कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि गाणारा माणूस यंत्राच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. त्याआधीच्या तबकड्यांत त्यांच्या जोडीला ‘गांधारी हनगल’ हे नाव दिसतं. त्या म्हणजेच पुढच्या गंगूबाई. जोशींनी कंपनीसाठी पुढे हिंदुस्थानी संगीतातल्या केवढ्या मोठमोठ्या माणसांना ध्वनिमुद्रकापुढे बसवलं, ते त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडीही त्यांच्याच देखरेखीखालची. काश्मीरच्या खोऱ्यातल्या दिवसाची ती सुरांतली गोष्ट साऱ्या जगात गेली. तिच्या निर्मात्याचं नाव पहिल्यांदा गाजलं ते मेहकरच्या वकिलाच्या कवितेमुळे. घाटावरच्यांनी एवढी मिशी पिळायला हरकत नाही.

देशपांडे मात्र मेहकरलाच राहिले. तबकडी घरोघर पोचली, पण ‘शीळ’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला 1954 मध्ये. म्हणजे गाणं आधी आणि पुस्तक बावीस वर्षांनी. मधल्या काळात लोकांना शीळ पाठ होती आणि गायकाचं नाव पाठ होतं. कवी कोण, हे विचारणारे थोडे. 1963 मध्ये ‘अभिसार’ आला, ‘खूणगाठी’ला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 10 मे 2000 रोजी ते गेले. मुंबईला जाऊन बोलपटाची गाणी लिहायची वाट त्या काळी अनेकांनी धरली होती. हे त्या वाटेनं गेले नाहीत. मला ते त्यांचं शहाणपण वाटतं. कुणी त्याला वऱ्हाडी आळस म्हणेल, तर तोही आमच्याकडे कमी प्रतिष्ठेचा नाही.

आता फोनो कुठे होता, ते पाहू. तो घरोघर नव्हता. जुन्या गाण्यांबद्दल लिहिताना आपण अशा थाटात लिहितो की जणू प्रत्येकाच्या ओसरीवर कर्णा उघडलेला होता. प्रत्यक्षात गावात एक, फार तर दोन. पाटलाच्या, देशमुखाच्या वाड्यात, जिनिंग फॅक्टरीच्या मालकाकडे, एखाद्या वकील-डॉक्टराकडे. चावी द्यायची, तबकडी फलाणीच्या कापडानं गोल पुसायची, डबीतून नवी पिन काढून बसवायची. पोलादी पिन एका बाजूला एकच, असा कंपनीचा दंडक होता. पण वऱ्हाडी काटकसरीपुढे कंपनीचं काय चालणार? एकेक पिन आठ-दहा वेळा चालायची, पुढेपुढे आवाज घोगरा व्हायचा आणि तबकडीच्या रेघा पांढुरक्या पडायच्या. आज सापडणाऱ्या तबकड्यांतली खरखर बरीचशी त्या काटकसरीची आहे. चावी उतरत आली की गाणारा दमल्यासारखा खाली खाली यायचा. तेव्हा ओसरीवरून ओरडा व्हायचा, ‘चावी दे ना बे!’

ओसरीवर कोण आणि अंगणात कोण, हेही ठरलेलं होतं. वाड्यातली माणसं बैठकीत, गावची चार बरी मंडळी ओसरीवर, सालदार-गडी अंगणाच्या कडेला, आणि काही माणसं वाड्याच्या भिंतीबाहेर. सूर भिंत ओलांडून जायचे, माणसाला ती मुभा नव्हती. बायका माजघरात. त्यांनी ऐकलं ते दाराआडून, हातातलं काम चालू ठेवून. म्हणून आमच्याकडच्या जुन्या बायांना गाण्याची चाल पक्की माहीत असे आणि शब्द अर्धे. उरलेले शब्द त्या स्वतःचे घालत. ‘शीळ’मधल्या मुलीला रानात मोकळेपणी शीळ ऐकू येते. ती तबकडी ऐकणाऱ्या बाईला मात्र ती माजघरातूनच ऐकावी लागली.

बायकांचं स्वतःचं गाणं वेगळंच होतं. पहाटे जात्यावर ओवी. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई. संध्याकाळी पोरींचा घोळका घरोघर जाई, भुलाबाईपुढे गाणी म्हणे, आणि मग झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. खोबरं-साखर, फुटाणे, करंजी, काय असेल ते. डबा हलवून आवाज ऐकायचा आणि नाव सांगायचं. या गाण्यांना कवी नव्हता, तबकडी नव्हती. पुढे पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ओवी रेडिओमुळे मेली असं सांगतात, ते अर्धंच खरं. ओवी दळणासाठी होती. दळणच गेलं तेव्हा ती कुठे राहणार? पहाटेची मोकळी झालेली ती जागा मात्र रेडिओनं घेतली, हे खरं.

रेडिओची कथा अजून गमतीची. नागपूर केंद्र 16 जुलै 1948 ला सुरू झालं. तेव्हा बुलढाणा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात, राजधानी नागपूर. 1950 पासून त्या राज्याचं नाव मध्य प्रदेश. त्यामुळे पुणे केंद्रानं 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला, ‘गीतरामायण’ सुरू केलं तेव्हा शेगावात रामनवमीची यात्रा भरली होती आणि शेगाव सरकारी कागदावर मध्य प्रदेशात होतं. गदिमांची 56 गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली, वर्षभर आठवड्याला एक. आमच्याकडच्या माणसांनी ते दुसऱ्या राज्याच्या केंद्रावरून ऐकलं आणि आपलंच म्हणून ऐकलं. नोव्हेंबर 1956 मध्ये जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालाआधीच गाण्यानं सीमा ठरवून टाकली होती.

पण खरा राजा सिलोन, म्हणजे रेडिओ सिलोन. आणि सिलोनला राजा केलं ते एका मराठी माणसानं, बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी. ते 1952 मध्ये केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरून सिनेगीतं हद्दपार झाली, शास्त्रीय संगीत वाढलं. त्या दशकात नौशाद, शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, सी. रामचंद्र, मदन मोहन एकाच वेळी ऐन भरात होते. तेव्हाच देशाच्या रेडिओनं कानावर हात ठेवले. केसकरांमुळे अनेक शास्त्रीय कलावंतांना हक्काची मिळकत झाली, हे मान्य केलंच पाहिजे. पण खेड्यातल्या माणसाला काय ऐकायला आवडावं, हे दिल्लीत बसून ठरवता येतं असं त्यांना वाटलं. तिथे त्यांचा हिशेब चुकला.

दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटनच्या फौजांसाठी सिलोनमध्ये लावलेला शंभर किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर रिकामा होता. रेडिओ सिलोननं त्यावर हिंदी गाणी आणि जाहिराती सुरू केल्या. 3 डिसेंबर 1952 ला, बुधवारी, रात्री आठ वाजता ‘बिनाका गीतमाला’चा पहिला कार्यक्रम लागला. गाणी मुंबईची, निवेदक अमीन सयानी मुंबईचे, ध्वनिमुद्रण मुंबईत. टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून लघुलहरींवर बसून खामगावात उतरायची. मुंबईहून कोलंबोला हेलपाटा घालून आलेलं गाणं मुंबईपेक्षा स्वच्छ ऐकू यायचं, कारण मध्यम लहरी दिवसा इतक्या लांब पोचत नाहीत आणि लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून दूरवर उतरतात. दिल्लीला हे पाच वर्षांनी उमगलं. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली आणि सिनेगीतं सरकारी दारानं आत आली. सिलोनचा दरारा तरीही पुढची पंधरा-वीस वर्षं टिकला.

त्या काळचा रेडिओ म्हणजे मर्फी, फिलिप्स, बुश. लाकडी खोका, पुढे जाळीचं कापड, आत व्हॉल्व्ह. बटण फिरवलं की लगेच बोलत नसे. आधी पट्टीमागचा दिवा लागे, मग व्हॉल्व्ह तापत, आणि अर्ध्या मिनिटानं लांबून कुणीतरी आल्यासारखा आवाज मोठा होत जाई. माडीवर दोन बांबू, त्यांच्यामध्ये तांब्याच्या तारेची पट्टी, तीच एरियल. जिथे वीज पोचली नव्हती तिथे विटेएवढी बॅटरी. बॅटरी महाग, म्हणून रेडिओ कधी लावायचा याचा घरात ठराव असे. आजोबांना बातम्या आणि कापसाचे बाजारभाव हवेत, पोरांना बुधवारी सिलोन हवं. दोन्हींच्या मधला वेळ रेडिओ बंद, वर क्रोशाचं झाकण. आणि रेडिओला परवाना लागायचा, बंदुकीला लागतो तसा. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही भानगड होती. पोस्टाचा निरीक्षक गावात आल्याची कुणकुण लागली की ज्यांचा परवाना थकला त्यांचे रेडिओ धान्याच्या कणगीत जात.

ज्याच्याकडे रेडिओ नव्हता, म्हणजे बहुतेकांकडे, त्यांच्यासाठी चहाचं हॉटेल होतं. खामगावच्या बाजारात, मलकापूरच्या स्टेशनाबाहेर, चिखलीच्या मोटार स्टँडवर. बुधवारी आठच्या आधी बाकडी भरत. अर्धा कप चहावर तासभर बसू देणारा मालक मोठ्या मनाचा. नाहीतर साडेआठला दुसरा कप मागवावाच लागे. बाहेर उभं राहून ऐकणाऱ्याला काही द्यावं लागत नसे. गाणं वरच्या पायदानावर, म्हणजे वरच्या क्रमांकावर, गेलं की टाळ्या, उतरलं की अमीन सयानीला शिव्या. पैजा लागत, भेळेच्या आणि पानाच्या. कोणतं गाणं कितव्या पायदानावर, हे वहीत लिहून ठेवणारे महाभाग प्रत्येक गावात होते. परीक्षेच्या वहीपेक्षा ती वही नीटनेटकी असे.

सकाळचा सिलोन वेगळा. साडेसातला जुन्या चित्रपटांची गाणी सुरू होत आणि आठला तीन मिनिटं कमी असताना शेवटचं गाणं सैगलचं. रोज. सैगल जाऊन दशकं उलटली तरी त्याचा आवाज घड्याळासारखा चालू होता. सैगल सुरू झाला की शाळेची पोरं दप्तर उचलत, कचेरीतले सायकलवर टांग मारत, आणि घरातल्या बाईला कळे की आता पोळ्या संपायला हव्यात.

वाड्याबाहेर आणि हॉटेलाबाहेर उभं राहून ऐकणाऱ्यांसाठी खरी क्रांती केली ती भोंग्यानं. लाउडस्पीकरवाल्याकडे एक अॅम्प्लिफायर, मोटारीची बॅटरी, तबकड्यांची पेटी आणि कडुनिंबाच्या शेंड्याला बांधायचा भोंगा. लग्न ठरलं की वाजंत्रीआधी त्याला सांगावं लागे. पहाटे गणपतीचं गाणं, दिवसभर सिनेमा, पाठवणीला ‘नील कमल’मधलं (1968) रफीचं गाणं. ते सुरू झालं की मुलीची आई आधीच रडायला लागायची, मुलगी गाडीत बसायची असली तरी. बँडवाले ‘नागिन’ची (1954) बीन वाजवत आणि वऱ्हाडातला एखादा रुमाल दातात धरून जमिनीवर लोळे. भोंग्यासमोर ओसरी आणि अंगण हा भेद राहिला नाही. आवाज साऱ्या गावावर सारखा पडला.

बुलढाण्याजवळ पिंपळगाव सराईला सैलानी बाबाची यात्रा होळीच्या सुमारास भरते. तिथे नारळांची होळी पेटते. हिंदू, मुसलमान सारेच लोटतात. कव्वालीचे फड लागतात. 1958 च्या ‘अल हिलाल’मधली इस्माईल आझादची कव्वाली गाजली तेव्हापासून जत्रेतल्या प्रत्येक तंबूच्या भोंग्यावर कव्वालीला मागणी वाढली. टुरिंग टॉकीजच्या तंबूत खेळ सुरू होण्याआधी तासभर तबकड्या वाजत. लोक आधी भोंगा ऐकायला जमत आणि मग तिकीट काढायचं की नाही ते ठरवत.

आंबेडकरी गाण्याला मात्र बराच काळ या कुठल्याच यंत्राचा आधार नव्हता. ऑक्टोबर 1956 मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि वस्त्यावस्त्यांतून गाणी उसळली. वामनदादा कर्डकांसारखा कवी-गायक मुक्कामाला येई, रात्रभर कार्यक्रम होई, आणि सकाळी पोरं ती गाणी म्हणत कामाला जात. आकाशवाणीवर भीमगीत ऐकू येणं दुर्मीळ. 14 एप्रिलला भोंगा लागे तेव्हाच ते गावभर पोचे. जुन्या गाण्यांच्या आठवणींचे लेख निघतात त्यांत लता असते, रफी असतो, फडके असतात, वामनदादा सहसा नसतात. त्याचं कारण सरळ आहे. त्या लेखांचे लेखक ओसरीवर बसलेले होते.

मलकापूरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नारायण मुरलीधर गुप्ते, ‘बी’, यांचा जन्म 1872 चा, मलकापूरचा. आयुष्य कारकुनीत गेलं. कविता थोड्या, त्याही टोपणनावानं लिहिलेल्या. ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 1934 मध्ये आला. 1947 मध्ये ते वारले. पुढे वसंत प्रभूंनी त्यांच्या ‘चाफा’ कवितेला चाल दिली आणि लता मंगेशकरांनी ती गायली. कवितेचा अर्थ काय यावर समीक्षक भांडत राहिले. चाफा म्हणजे प्रियकर, की आत्मा, की आणखी काही? मलकापूरच्या स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात ते गाणं लागे तेव्हा या भांडणाचा पत्ता कुणाला नव्हता, आणि हा कवी याच गावात जन्मला याचाही नव्हता. तरी ते गाणं संपेपर्यंत कुणी कप आपटत नसे.

आणि शेजारच्या जळगावची बहिणाबाई. ती 3 डिसेंबर 1951 ला वारली. तिच्या गाण्यांचं पुस्तक 1952 मध्ये आलं, प्रस्तावना पुन्हा अत्र्यांचीच. 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या चालीवर ती गाणी पडद्यावर आली. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या लेवा घरांतून ती ऐकताना बायांना पहिल्यांदा आपल्या बोलीतले शब्द भोंग्यातून ऐकू आले. तोवर रेडिओ-तबकडीवरची मराठी पुण्याची होती. आपण घरात बोलतो तसंही गाण्यात बोललेलं चालतं, ही गोष्ट त्या पिढीला नवी होती.

ट्रान्झिस्टर आला आणि एरियलचे बांबू उतरले. रेडिओ माडीवरून शेतात गेला, औताच्या जुवाला, मळणीच्या खळ्यावर, बैलगाडीच्या साट्याला लटकला. 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई-पुणे-नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती लागल्या. ऑक्टोबर 1976 मध्ये जळगाव केंद्र सुरू झालं आणि घाटाखाली सिलोनची गरज कमी झाली. 78 फेऱ्यांच्या तबकड्यांचं उत्पादन तोवर थांबलंच होतं. मग टेप आली. कॅसेट भरून देणाऱ्याच्या दुकानात वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी कॅसेट घ्यायची. यादीत प्रत्येकाची गाणी वेगळी. त्या यादीनं हॉटेलातला बुधवार संपवला. ज्याला जे हवं ते त्यानं आपल्या घरी ऐकावं, इतकी सोय झाली. प्रल्हाद शिंद्यांच्या भीमगीतांच्या आणि विठ्ठलगीतांच्या कॅसेटी मात्र वस्तीत आणि गावात दोन्हीकडे खपल्या. सोयीचा एवढा फायदा मान्य करायलाच हवा.

गीतमाला 1988 पर्यंत सिलोनवर राहिली आणि मग विविध भारतीवर गेली. अमीन सयानी 20 फेब्रुवारी 2024 ला गेले. त्या दिवशी फोनवरून फिरलेल्या शेकडो ध्वनिफिती आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी एकेकट्यानं, कानाला लावून ऐकल्या.

शेवटी एक विनंती. वाड्याच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, बंद पडलेल्या लाउडस्पीकरवाल्याच्या घरी काळ्या तबकड्या अजून पडून आहेत. भंगारवाला त्या वजनावर मागतो, देऊ नका. सुती कापडानं पुसा, उभ्या ठेवा, उन्हात ठेवू नका. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था 1990 पासून हेच काम करते आहे. ती मंडळी अशा तबकड्यांची कदर करतात. लेबल वाचा. गायकाचं नाव मोठं असेल, कवीचं बारीक असेल किंवा नसेलही. ‘शीळ’ची तबकडी हाती लागली आणि तिच्यावर कवीचं नाव दिसलं नाही, तर पाकिटावर पेन्सिलीनं लिहून ठेवा: ना. घ. देशपांडे, मेहकर, जि. बुलढाणा.